सीताफळाच्या फुलाची वेळ

अंगणातल्या सीताफळाच्या झाडाला सलग तीन वर्षे भरपूर फुले आली, फळे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच धरली. जी धरली त्यांतलीही बरीचशी वाकडी होती. एक बाजू गोल, डोळे मोठे आणि भरलेले, तर दुसरी बाजू चपटी, आत ओढल्यासारखी. खत कमी पडले असेल, पाणी वेळेवर मिळाले नसेल, एखादी कीड लागली असेल, असे एकेक कारण मी धरून पाहिले आणि सोडून दिले. शेवटी तसेच एक वाकडे फळ पिकल्यावर ते मधोमध कापले आणि त्यातल्या बिया मोजत बसले. फुगीर बाजूला गराच्या बहुतेक पाकळ्यांत एकेक काळी बी होती. चपट्या बाजूला गर जवळजवळ नव्हताच, आणि बियाही नव्हत्या. दोष खताचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. त्या बाजूला फुलातच काहीतरी घडायचे राहून गेले होते.

काय राहून गेले, हे कळण्यासाठी सीताफळाचे फूल नीट पाहावे लागते. ते दिसायला अगदी साधे असते: हिरवट पिवळे, खाली मान घातलेले, तीन जाड मांसल पाकळ्यांचे, पानांच्या गर्दीत सहज नजरेआड होणारे. पाकळ्या हलकेच बाजूला केल्या की आत एक बारीक शंकू दिसतो. या शंकूवर अनेक स्त्रीकेसर एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि त्यांच्या बुडाशी पुंकेसरांचे दाट कडे असते. प्रत्येक स्त्रीकेसरात एकच बीजांड असते. ज्याच्या कुक्षीवर, म्हणजे टोकावर, परागकण पडून बीजांडाचे फलन होते तो स्त्रीकेसर फुगतो आणि गराने भरतो. ज्याच्यापर्यंत पराग पोहोचत नाही तो आक्रसून राहतो. पुढे हे सगळे शेजारी एकमेकांना जुळून, आपण ज्याला एक फळ म्हणतो ते तयार होते. सीताफळाच्या सालीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर, आणि फळाची चपटी बाजू म्हणजे फुलाच्या त्या बाजूला पराग पोहोचला नव्हता, याची चार महिन्यांनी हाती आलेली नोंद.

पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात, एकमेकांपासून काही मिलिमीटरवर असताना पराग पोहोचू का नये? याचे कारण अंतरात नसून वेळेत आहे. सीताफळाचे फूल आधी मादी असते आणि नंतर नर होते. पाकळ्यांची टोके नुकती विलग होऊन आत जेमतेम फट दिसू लागते, तेव्हा कुक्षी ओलसर, चकचकीत आणि चिकट असतात व पराग स्वीकारायला तयार असतात, पण त्या वेळी त्याच फुलातले परागकोश, म्हणजे पुंकेसरांवरच्या परागाच्या पिशव्या, बंद असतात. पुढे पाकळ्या पूर्ण फाकतात, परागकोश फुटतात, पुंकेसर सुटे होऊन जरा धक्का लागला तरी झडू लागतात. तोवर कुक्षी सुकून निकामी झालेल्या असतात. निसर्गाने स्वपरागीभवन टाळण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे, आणि ती चालते तेव्हा फार सुंदर चालते. मात्र ती चालण्यासाठी एका फुलातला पराग दुसऱ्या, अर्धवट उघडलेल्या फुलात नेणारा कोणीतरी असावा लागतो.

सीताफळाच्या बाबतीत हा कोणीतरी म्हणजे मधमाशी नव्हे. त्या अरुंद फटीतून मधमाशी शिरत नाही आणि तिथे तिच्यासाठी मधही नसतो. हे काम पिकलेल्या, आंबू लागलेल्या फळांवर जगणारे अगदी बारीक भुंगे करतात. फुलाला येणारा पिकल्या फळासारखा वास त्यांना ओढून घेतो, ते मांसल पाकळ्यांच्या आडोशाला शिरतात, तिथेच थांबतात आणि अंगाला पराग माखून पुढच्या फुलाकडे जातात. झाडाखालचा पालापाचोळा रोज झाडून स्वच्छ केला, पडलेली फळे लगेच उचलली, तर या भुंग्यांना राहायला जागाच उरत नाही. मी नेमके हेच वर्षानुवर्षे करत आले होते, आणि माझी बाग किती नीटनेटकी आहे याचे मला समाधानही होते.

कुंचल्याने हाताने पराग लावता येतो, हे समजल्यावर पहिल्या वर्षी मी जे केले ते सांगणे आवश्यक वाटते, कारण ही चूक बहुतेक जण करतात. सकाळची कामे आटोपून नऊ-दहाच्या सुमारास मी कुंचला घेऊन झाडाजवळ जात असे आणि जी फुले छान उघडलेली दिसत त्यांच्यात तो फिरवत असे. उघडलेले फूल म्हणजे तयार फूल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती सगळी फुले नर अवस्थेत गेलेली होती. त्यांच्यातून पराग घ्यायचा असतो, त्यांना द्यायचा नसतो. ज्यांना पराग हवा होता ती फुले मला कळ्या वाटत होती आणि मी त्यांना हातही लावत नव्हते. तीन आठवडे मी हे मन लावून केले आणि त्यातून एकही फळ धरले नाही.

दुसऱ्या वर्षी कुंचला हातात घेण्याआधी मी चार दिवस फक्त पाहिले. पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री विजेरी घेऊन, ठरावीक दहा फुलांना दोरे बांधून, प्रत्येक फुलाच्या पाकळ्या किती उघडल्या, कुक्षी ओली आहे का आणि पुंकेसर सुटतात का, एवढ्याच गोष्टी वहीत लिहिल्या. माझ्या झाडावर परागकोश रात्र सरता सरता फुटत होते आणि दिवस उगवताना फुललेल्या फुलांत पराग ताजा असे. ऊन चढले की तो वाळत असे आणि ओलसर कुक्षीही कोरड्या पडत. मला जे काही करायचे होते ते उजाडल्यापासूनच्या दोनेक तासांतच करायला हवे होते. ही वेळ सर्वत्र सारखी नसते. जात, तापमान आणि हवेतला दमटपणा यांप्रमाणे ती पुढेमागे होते, आणि याच कुळातल्या चेरिमोयाच्या फुलात पराग दुपार कलल्यावर सुटतो, म्हणून त्याचे उत्पादक संध्याकाळी पराग गोळा करून रात्रभर थंड जागी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लावतात. दक्षिण स्पेनमधल्या चेरिमोयाच्या बागांमध्ये हे काम व्यापारी प्रमाणावर हातानेच होते. दुसऱ्याची वेळ उसनी घेण्यापेक्षा आपल्या झाडापाशी चार दिवस उभे राहणे मला अधिक भरवशाचे वाटते.

प्रत्यक्ष काम सोपे आहे. पूर्ण फाकलेली फुले एका कोरड्या, पसरट डबीवर धरून बोटाने हलकेच टिचकी मारायची. फिकट पिवळसर पुंकेसर आणि त्यांच्याबरोबर पिठासारखा पराग डबीत पडतो. फूल ताजे असेल तर पुंकेसर आपसूक सुटतात. खरवडावे लागत असतील तर वेळ अजून झालेली नाही किंवा टळून गेली आहे. मग मऊ केसांचा, टोकाला निमुळता, लहान आणि पूर्ण कोरडा कुंचला त्या परागात बुडवायचा. ज्याच्या पाकळ्या नुकत्या विलग झाल्या आहेत असे फूल निवडून, एका हाताच्या दोन बोटांनी पाकळ्या किंचित ताणून, कुंचला आत सरकवायचा आणि शंकूभोवती सावकाश दोन-तीन फेरे द्यायचे. पाकळी तुटली तरी फार बिघडत नाही, मात्र शंकूला ओरखडा उठता कामा नये. फेरे सगळ्या बाजूंनी द्यायचे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण एकाच बाजूला कुंचला टेकवून पुढे गेलो तर फळ धरते खरे, पण तेच वाकडे फळ पुन्हा पदरात पडते. घाईघाईने पन्नास फुले करण्यापेक्षा वीस फुले चारही बाजूंनी नीट करावीत, असे माझे ठाम मत आहे.

हवा दमट असेल तर कुक्षी अधिक काळ ओलसर राहतात आणि फळधारणा चांगली होते. कोरडा, उष्ण वारा सुटला असेल त्या दिवशी मी झाडाच्या आतल्या, सावलीतल्या फुलांवरच काम करते. पाऊस पडत असताना काम करू नये, कारण ओला कुंचला पराग उचलण्याऐवजी त्याचा लगदा करतो. उन्हात तापलेल्या डबीतला पराग तर तासाभरातच मंदावतो, म्हणून डबी खिशात न ठेवता सावलीत ठेवावी, हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले.

ज्या फुलांना पराग लावला त्यांच्या देठाला मी लाल दोरा बांधला आणि तशाच फांद्यांवरच्या काही फुलांना पांढरा दोरा बांधून त्यांना हात न लावता सोडून दिले. पराग मिळाला नाही तर फूल काही दिवसांतच गळून पडते. पांढऱ्या दोऱ्याची जवळजवळ सगळी फुले गेली. लाल दोऱ्याच्या फुलांपैकी निम्म्याहून अधिक टिकली, पाकळ्या गळाल्यावर देठाच्या टोकाशी हिरवे, खडबडीत बोंड राहिले आणि ते फुगू लागले. पुढे काही बोंडे झाडानेच टाकली. जी राहिली ती जवळजवळ सगळी गोल भरली, आणि अनेक वर्षांनी त्या झाडावर दोन्ही बाजूंनी सारखी फळे पाहताना मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

मात्र त्याच वर्षी मी आणखी एक चूक केली. यश दिसताच मी हाताला लागेल त्या प्रत्येक फुलाला पराग लावत सुटले. बारीक फांद्यांच्या टोकांनाही फळे धरली, त्यांच्या भाराने फांद्या वाकल्या, एक मोडली, आणि एकूण फळांचा आकार लहान राहिला. बीज धरलेले फळ आपल्याकडे अन्नरस ओढून घेत असते, कारण वाढत्या बिया जी संप्रेरके सोडतात ती फळाला वाढायला लावतात. पण झाडाची पाने तयार करतात त्याहून अधिक अन्न कुंचल्याने निर्माण होत नाही. आता मी फक्त खोडाजवळच्या आणि जाड फांद्यांवरच्या फुलांवर काम करते, दोन फळांत हातभर अंतर राहील असे पाहते आणि झाडाच्या वयाला व पसाऱ्याला झेपेल इतकी फळे धरली की थांबते. हाताने परागीकरण करणाऱ्याला फळे किती धरावीत हे ठरवता येते, आणि मला वाटते की या पद्धतीचा हाच मोठा लाभ आहे.

सीताफळाने डोळे उघडले आणि मग इतर फळांकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. सीताफळाच्याच कुळातले मामफळ अनेकदा केळ्यासारखे वाकते, त्यामागे हेच अपुरे परागीभवन असते. फणसातला प्रत्येक गरा हा फलन झालेल्या एका फुलाचा असतो आणि गऱ्यांच्या मधली चिवट पाती ही फलन न झालेल्या फुलांची असतात. पॅशन फ्रूटच्या आतला रस बियांभोवतीच्या पिशव्यांत असतो, म्हणून जितक्या बिया तितका रस. पिवळ्या पॅशन फ्रूटच्या वेलाला स्वतःचा पराग चालतच नाही, दुसऱ्या, आनुवंशिकदृष्ट्या वेगळ्या वेलाचा लागतो. एकाच वेलाच्या कलमांनी मांडव भरला तर फुले येतील पण फळे येणार नाहीत. त्याची फुले दुपारच्या सुमारास उघडतात. उघडताना उभे असलेले तीन कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षींचे दांडे, हळूहळू परागकोशांच्या पातळीपर्यंत खाली वाकतात आणि तेव्हाच ती फुले पराग लावण्यायोग्य होतात. मोठे काळे भुंगे, जे लाकडात बीळ करून राहतात, त्यांच्या पाठीवर पराग नेमका बसतो. ते नसतील तर बोटाच्या टोकानेही काम भागते. पाण्याचा थेंब लागला की या फुलाचे परागकण फुटतात, त्यामुळे पावसाळी दुपारी कितीही कष्ट केले तरी हाती फारसे लागत नाही.

ड्रॅगन फ्रूटचे भले मोठे पांढरे फूल अंधार पडताना उमलते आणि सकाळी मिटते. मूळच्या प्रदेशात त्याला वटवाघळे आणि मोठे पतंग भेट देतात. त्याच्या काही जातींना परका पराग लागतो आणि तो न मिळाल्यास फळ गळते किंवा लहान राहते, म्हणून दोन जातींची फुले एकाच रात्री उमलणार नसतील तर आधीच्या जातीचा पराग कोरडा करून थंडीत ठेवावा लागतो. ड्युरियन हे आग्नेय आशियातले काटेरी फळही रात्रीचेच. जाड फांद्यांना लटकलेले त्याचे फुलांचे घोस दुपार कलताना उघडतात, वटवाघळे त्यांतला मध पिण्यासाठी येतात, आणि पहाटेपर्यंत पाकळ्या व पुंकेसर खाली पडून जातात. त्याच्या अनेक जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो, म्हणून बागवान संध्याकाळनंतर डोक्याला दिवा लावून, लांब काठीला कुंचला बांधून झाडावर पराग लावतात. तिथेही फळाचे सगळे कप्पे भरले तर फळ गोल, नाही तर एका अंगाने खोल. ही कामे करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो, कारण झाड उंच, फूल एका रात्रीचे आणि चूक दुरुस्त करायला दुसरी रात्र नाही.

कोकोचे उदाहरण मात्र मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. त्याची नखाएवढी फुले थेट खोडावर आणि जुन्या फांद्यांवर येतात. परागकोश पाकळ्यांच्या टोपणात लपलेले, कुक्षीभोवती वांझ केसरांचे कुंपण, आणि आत शिरू शकणारी माशी डासाहूनही लहान. झाडावर वर्षभरात हजारो फुले येतात, त्यांतील शंभरात पाचांचेही फळ होत नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर झालेले आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन आहे. त्यात हाताने परागीकरण केलेल्या झाडांचे उत्पादन 161 टक्क्यांनी वाढले आणि मजुरीचा खर्च वजा करूनही शेतकऱ्यांचे उत्पन्न 69 टक्क्यांनी वाढले. खते आणि कीटकनाशके वाढवून मात्र तसा फरक पडला नाही. फळ कमी आले की आपला हात आधी खताच्या गोणीकडे आणि फवारणीच्या पंपाकडे जातो, आणि फवारणीने तर उरलेसुरले परागवाहकही मरतात. म्हणून हे आकडे मी भेटेल त्या बागायतदाराला सांगते.

सगळ्याच झाडांना कुंचल्याची गरज नसते. खाण्याची केळी परागाशिवायच वाढतात, म्हणून तर त्यांत बी नसते. मँगोस्टीनचे बीजही फलनाशिवाय तयार होते. आंब्याच्या एका मोहोरात शेकडो, कधी हजारो बारीक फुले असतात आणि त्यांतून शेवटपर्यंत एखाददुसरेच फळ टिकते. तिथे नवी जात तयार करणारे संशोधक सोडले तर हाताने परागीकरण करणे कोणालाच परवडणार नाही. आंब्यासाठी माशा आणि इतर कीटक टिकवणे हाच उपाय आहे. ॲव्होकाडोचे फूल सीताफळासारखेच आधी मादी, मग नर असते, पण त्याच्या दोन प्रकारच्या जातींमध्ये या अवस्थांची वेळ बरोबर उलटी असते: एकीची फुले सकाळी मादी असताना दुसरीची नर असतात आणि दुपारी उलट. त्यामुळे तिथे कुंचला विकत घेण्यापेक्षा दुसऱ्या प्रकारचे झाड शेजारी लावणे शहाणपणाचे आहे.

माणसाने ही विद्या फार पूर्वी आत्मसात केली. खजुराची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि नर झाडाच्या फुलांच्या काड्या मादी झाडाच्या घोसात खोचण्याची पद्धत प्राचीन मेसोपोटेमियात रूढ होती. एका नराच्या परागावर कितीतरी माद्या फळतात, म्हणून बागेत थोडेच नर राखतात. खजुरात आणखी एक नवल आहे: कोणत्या नराचा पराग वापरला यावरून फळाचा आकार आणि पिकण्याची वेळही बदलते. व्हॅनिला हे झाड नसून ऑर्किडचा वेल आहे, तरी त्याचा उल्लेख टाळणे मला जमत नाही. मेक्सिकोबाहेर नेलेल्या वेलींना फुले येत पण शेंगा धरत नसत. 1841 मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर गुलामीत असलेल्या एडमंड नावाच्या 12 वर्षांच्या मुलाने लाकडाच्या बारीक काडीने फुलातला पडदा उचलून, अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबण्याची रीत शोधली. जगातल्या व्हॅनिलाच्या मळ्यांमध्ये आजही तीच रीत चालते. 1848 मध्ये गुलामगिरी संपल्यावर त्याला अल्बियस हे आडनाव मिळाले, शोधाचे फळ मात्र मिळाले नाही. 1880 मध्ये तो दारिद्र्यातच वारला. कुंचला हातात घेताना मला त्याची अनेकदा आठवण होते.

गेल्या दोन वर्षांपासून मी झाडाखालचा पाला उचलत नाही. बहराच्या दिवसांत खराब झालेली थोडी फळे झाडाच्या बुडाशी पाल्यात ठेवते; फळमाशी वाढू नये म्हणून ती फार दिवस राहू देत नाही आणि बहर संपताच पुरून टाकते. मागच्या बहरात एका पहाटे पाकळ्या ताणल्या तेव्हा आत तपकिरी रंगाचे, तिळाहूनही लहान तीन भुंगे शंकूला बिलगून बसलेले दिसले. मी कुंचला बाजूला ठेवला आणि त्या फुलाला पिवळा दोरा बांधला. ते फळ धरले, आणि माझ्या हातच्या कित्येक फळांपेक्षा अधिक सारखे भरले. येत्या बहरात झाडाचा वरचा अर्धा भाग मी भुंग्यांवर सोपवणार आहे, खालच्या फांद्यांवर स्वतः काम करणार आहे, आणि दोन्हीकडच्या फळांच्या बिया मोजणार आहे.